पाहुणा तारीख बदला म्हणतो तेव्हा

परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उर्स दरवर्षी २ फेब्रुवारीपासून भरतो. तारीख इंग्रजी महिन्याची, चाँद दिसण्यावर अवलंबून नाही. म्हणून घरातली खोली भाड्याने देणाऱ्यांना हिशेब आधीच मांडता येतो. तरी ऐन वेळी फोन येतोच, "भाभी, तिकीट पुढचं मिळालं, दोन दिवस उशिरा येतो." आपल्या अंगात मेहमाननवाजी भिनलेली, तोंडातून लगेच "चालेल" निघतं. इथेच जरा थांबा, असं आमचं सांगणं. तोंडी होकाराने अ‍ॅपवर जुनीच तारीख अडकून राहते आणि नव्या तारखेला दुसरं कुटुंब सामान घेऊन दारात उभं राहू शकतं. उर्साच्या गर्दीत, लेकरंबाळं घेऊन, त्यांनी जायचं कुठे?

"बघून सांगते" एवढंच म्हणावं. बुकिंग एअरबीएनबीवरचं असेल तर बदलाची विनंती तिथूनच पाठवायला लावावी. नवी रक्कम दोघांनाही आधी दिसते. मान्य केलं की तारखा बदलतात. नाकारलं तर मूळ बुकिंग कायम राहतं. नाही म्हणायचंच असेल तर त्याच दिवशी म्हणावं, म्हणजे पाहुण्याला दुसरी सोय बघायला वेळ मिळतो.