आधी बर्फाची प्लेट लावून बघूया की!



मासा वेदगंगेचा असो, हिडकल धरणाचा असो, नाहीतर गोव्याहून बेळगावात आलेला असो, खराब निघाला की बोट पहिलं होडीवाल्याकडं. हे आम्हाला पटत नाही. धडधाकट ताज्या माशाच्या मांसात जंतू जवळजवळ नसतातच. ते असतात कल्ल्यात, आतड्यात आणि कातडीवरच्या बुळबुळीत थरात. बाहेरून भर घालतात ते बर्फ, धुवायचं पाणी, क्रेट आणि कापायचा लाकडी ठोकळा.

मग तपासणी तिथंच व्हायला हवी. कल्चर प्लेट म्हंजे झाकणाची चपटी वाटी, आत अगरचा थर. (हा अगर समुद्री शेवाळापासूनच करतात बरं का!) निर्जंतुक कापसाची काडी क्रेटवर फिरवून प्लेटवर ओढायची, 37 अंशाला एक-दोन दिवस ठेवायची. डोळ्याला न दिसणारा एकेक जंतू वाढून ठिपका होतो. बर्फ वितळवून त्याचं पाणीही असंच तपासता येतं. विष्ठेतून येणारा ई. कोलाय ईएमबी अगरवर हिरवट, धातूसारखा चमकतो. पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागं तो एकही चालत नाही, आणि माशावरचा बर्फ पिण्याच्याच पाण्याचा हवा. बर्फानं जंतू मरतात हा समज सोडा. बहुतेक नुसते थंड पडून राहतात.

घरी मात्र हे कुणी करू नका. वाढलेली प्लेट म्हंजे जंतूंचं शेतच. बेळगावच्या मेडिकल कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत, संस्थेनं तिथं पत्र देऊन विचारावं.

प्लेट सगळंच सांगते असंही नाही. काविळीचा विषाणू तिच्यावर वाढत नाही. 2018 साली गोव्यात फॉर्मेलिनवरून केवढा गदारोळ झाला! तसला मासा प्लेटवर उलट स्वच्छ दिसेल. त्याला वेगळी चाचणी लागते.

काहीजण म्हणतात, "आकडा वाईट आला तर बाजारात बोंब होईल." बोंब आताही होतेच की, आणि पुरावा नसल्यानं आपण गप्प बसतो. एक प्लेट नुसत्या पाण्यानं विसळलेल्या क्रेटची, एक साबणानं घासून, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेल्या क्रेटची. दोन्ही शेजारी ठेवली की बोलायला काही उरत नाही. खर्च संस्थेनं आणि बर्फवाल्यानं उचलावा, होडीवाल्याच्या पट्टीतून कापू नये, हे आमचं ठाम मत.

पुढच्या सभेत हा विषय घेऊया. येताना तुमचा बर्फ कुठल्या कारखान्याचा आणि तिथं पाणी विहिरीचं, बोअरचं का नळाचं, तेवढं विचारून या.