कंपनी बुडाली, हत्यार उरले

संगणकाचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांचे बोलणे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : यंत्रामुळे किती हातांचे काम जाईल, आणि ते यंत्र घेण्याची ऐपत किती जणांना असेल. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु तिसऱ्या एका प्रश्नाची चर्चा आपल्यात फारशी होत नाही. यंत्र विकत घेतल्यावरही त्यात चालणारी आज्ञावली कोणाच्या मालकीची राहते? ती दुरुस्त करण्याचा, आपल्या गरजेप्रमाणे वळवण्याचा, दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा अधिकार कोणाला असतो? 'व्हिम' या मजकूर-संपादनाच्या आज्ञावलीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

या इतिहासाची सुरुवात एका मक्तेदारीपासून होते. अमेरिकेतील टेलिफोन व्यवसायावर ए. टी. अँड टी. या कंपनीची हुकमत होती. मक्तेदारीविरोधी खटल्यात १९५६ मध्ये झालेल्या तडजोडीने तिला दळणवळणाबाहेरच्या धंद्यात उतरण्यास मनाई केली. त्यामुळे तिच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेली 'युनिक्स' ही कार्यप्रणाली १९७० नंतरच्या दशकात विद्यापीठांना अल्प शुल्कात, मूळ संहितेसह मिळू लागली. मूळ संहिता म्हणजे माणसाला वाचता व बदलता येईल अशा स्वरूपातील आज्ञावली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या बिल जॉय यांनी १९७६ मध्ये युनिक्सवरील 'एड' या जुन्या संपादन-आज्ञावलीच्या पायावर जे काम सुरू केले, त्यातून 'व्हीआय' तयार झाली. मात्र पायातले दगड कंपनीचे असल्याने युनिक्सचा परवाना नसलेल्यास तिची संहिता मिळत नसे. १९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले, जुने निर्बंध उठले आणि युनिक्स हा उघड विक्रीचा माल बनला. व्हीआयची संहिता या जाचातून सुटली ती २००२ मध्ये.

दरम्यान घरगुती संगणक बाजारात आले होते. त्यांतील 'अटारी एसटी' आणि 'कमोडोर' कंपनीचा 'अमिगा' यांच्या कार्यप्रणाली अगदी निराळ्या होत्या. अशा यंत्रांसाठी व्हीआय उतरवून देण्यात कोणाही विक्रेत्यास मोठा नफा दिसणे शक्य नव्हते. बाजाराचा नियमच असा की गिऱ्हाईक थोडे असले की त्याची गरज ही गरजच ठरत नाही. तेव्हा १९८७ मध्ये टिम थॉम्पसन यांनी अटारीसाठी व्हीआयसारखी वागणारी 'स्टीव्ही' ही आज्ञावली नव्याने लिहिली आणि तिची संहिता सर्वांना खुली केली. इतरांनी ती १९८८ मध्ये अमिगावर नेली. अमिगा वापरणारे नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी त्याच वर्षी ती हाती घेऊन सुधारण्यास प्रारंभ केला. तीच 'व्हिम'.

एका प्रणालीवरची आज्ञावली दुसरीवर नेणे, म्हणजे 'पोर्टिंग', हे नकला काढण्याइतके सोपे काम नाही. कळ दाबली गेल्याचे प्रणालीकडून कसे कळते, खिडकीचा आकार किती हे कोणास विचारायचे, फाइलचा पत्ता कसा लिहायचा, या प्रत्येक बाबतीत युनिक्सचे रिवाज वेगळे आणि अमिगाचे वेगळे. शिवाय अमिगावर एका आज्ञावलीच्या स्मृतीला दुसरीपासून संरक्षण नव्हते. एकीची चूक सगळे यंत्र बंद पाडी. हे काम निभावण्याचा मार्ग एकच : यंत्रागणिक बदलणारा भाग वेगळ्या फाइलींत काढावा आणि मजकूर हाताळणारा गाभा सर्वांसाठी सामाईक ठेवावा. व्हिमची रचना अशीच आहे. पण संहिताच हाती नसेल तर ही चिकाटी कोणत्या उपयोगाची?

१९९१ मध्ये व्हिमची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली, तीही कोणत्या दुकानातून नव्हे. फ्रेड फिश हे अमिगासाठीच्या मुक्तपणे वाटता येणाऱ्या आज्ञावली फ्लॉपींवर संकलित करीत. १९८६ ते १९९४ या काळात अशा सुमारे ११०० फ्लॉपी निघाल्या. त्यांतील ५९१ व्या फ्लॉपीवर व्हिम होती. १९९२ मध्ये ती युनिक्सवर पोहोचली. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर कंपनीचे दिवाळे निघाले. व्हिम मात्र टिकली. इतकेच नव्हे, तर आज अनेक लिनक्स संगणकांवर 'व्हीआय' अशी आज्ञा दिली असता व्हिमच उघडते. मूठभरांच्या यंत्रासाठी झालेल्या श्रमाचे फळ असे सर्वांच्या पदरात पडले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. हे श्रम बहुतांशी विनामोबदला होते, आणि अशाच श्रमांवर आज बलाढ्य कंपन्या आपले इमले बांधीत आहेत. आक्षेप खरा आहे. मोलेनार यांनी किंमत न लावता वापरणाऱ्यांना युगांडातील किबाले येथील गरजू मुलांसाठी मदत करण्याचे आवाहन केले, आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन होईपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ ते या कामाशी निगडित राहिले. त्यांची वृत्ती वंदनीय आहे. परंतु व्यक्तीच्या औदार्यावर समाजाची व्यवस्था उभी राहत नाही. संहिता खुली झाल्याने हत्यार मुक्त होते, कारागिराचे पोट भरत नाही. ती जबाबदारी सार्वजनिक तिजोरीने उचलली पाहिजे.

मराठीपुरते बोलायचे तर बंद हत्याराचे चटके आपल्या छापखान्यांनी पुरेसे सोसले आहेत. संगणकावर मराठी जुळणी सुरू झाली तेव्हा प्रत्येक विक्रेत्याच्या टंकाचे संकेत निराळे असत. एका टंकात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले, तरीही जुने संकेत पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. लेख आपला, भाषा आपली, आणि किल्ली मात्र विक्रेत्याच्या खिशात!

सरकारी कामकाजात खुल्या संहितेच्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. धोरण कागदावर आले म्हणजे कचेरीत आले असे होत नाही, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. म्हणून आपल्या नगरपालिकेत, सहकारी बँकेत, ग्रंथालयात जाऊन दोन प्रश्न विचारावेत : लोकांच्या पैशातून घेतलेल्या आज्ञावलीची संहिता लोकांच्या हाती आहे काय? आणि उद्या विक्रेता बुडाला, तर आपला मजकूर आपल्याला वाचता येईल काय? उत्तर 'नाही' असेल, तर ती व्यवस्था बदलून घेण्याचा लढा तेथूनच सुरू झाला पाहिजे.