आधी मागच्या पुराची बातमी दाखवा

मुंबई-पुण्याच्या वृत्तवाहिन्यांचे संपादक, त्यांचे मालक आणि पूर आला की ताफ्यासह बांधावर उतरणारे सगळे मान्यवर यांना सीनाकाठच्या शेतकऱ्यांचा हा जाहीर इशारा आहे. भाषा कडक वाटली तर वाटू द्या. गोड भाषेत सांगून झालं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये, ऐन नवरात्रात, सीना नदीने पात्र सोडलं. करमाळा, माढा, मोहोळ आणि पलीकडे परंडा, भूम, सगळीकडे पाणीच पाणी. सोलापूर-पुणे महामार्ग लांबोटीजवळ बंद पडला. परंड्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. त्या आठवड्यात तुमच्या ओबी व्हॅनना गावात जागा पुरत नव्हती. जिची म्हैस दावणीलाच मेली त्या बाईच्या तोंडापुढे बूम धरून तुम्ही विचारलंत, ‘काय वाटतंय तुम्हाला?’ काय वाटणार! तरीही आम्ही बोललो. राज्याला दिसलो तर मदत येईल, एवढाच त्यामागे हिशेब होता. आणि मदत आली, हे नाकारत नाही. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात तुमच्या कॅमेऱ्याचाही वाटा होता.

पण पॅकेजचा आकडा पडद्यावर झळकला आणि तुमच्यापुरता पूर संपला. पुढे दिवाळी, मग नगरपालिकांच्या निवडणुका, कोण कुणासोबत जाणार याच्या रात्र-रात्र चर्चा.

आमच्याकडे तर पाणी ओसरल्यावर खरं नुकसान उघडं पडलं. सोयाबीन गेलं, उडीद गेला, ते एका हंगामाचं होतं. जिथे जमीनच खरडून गेली तिथे काळी माती नाही, खाली नुसता मुरूम आणि गोटे. त्यात पेरायचं काय? एक हेक्टर रानावर फूटभर माती टाकायची तर साधारण ३,००० घनमीटर माती लागते. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत तीन घनमीटर बसते असं धरा. म्हणजे १,००० खेपा. खरडलेल्या जमिनीला सरकारने हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि ३ लाख रुपये रोजगार हमीतून जाहीर केले. दोन्ही मिळून खेपेला ३४७ रुपये पडतात. त्यातच गाळ उकरणारा जेसीबी, डिझेल, ड्रायव्हर आणि माती पसरायची मजुरी.

आणि ते ३ लाख हातात येत नाहीत. रोजगार हमी ही मुळात मजुरांच्या हाताला काम देण्यासाठीची योजना. तिच्यात मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवावं लागतं, ठेकेदाराला मनाई, यंत्रं शक्यतो टाळायची. हजार खेपा माती घमेल्याने वाहायची का? तलावातला गाळ शेतात टाकायला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना आहेच. ती आणि रोजगार हमी एकाच बांधावर कशी जुळवायची, हा प्रश्न एखाद्या वाहिनीने एकदा तरी मंत्र्यांना विचारायला हवा होता. त्यासाठी चिखलात उभं राहावं लागत नाही. स्टुडिओत बसूनही विचारता आला असता.

पाठपुराव्याने काय होतं ते माळीणला दिसलं आहे. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून आंबेगाव तालुक्यातलं ते गाव गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. नव्या गावातली घरं एप्रिल २०१७ मध्ये लोकांच्या ताब्यात आली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथली कामं खचली, तडे गेले. पत्रकार तिथे पुन्हा गेले म्हणून ते राज्याला कळलं. ते गेले नसते तर सरकारी दप्तरात माळीणचं पुनर्वसन ‘पूर्ण’ झालेलं होतं. आम्हाला किल्लारीच्या भूकंपासारखं वर्षातून एकदा, तारीख पाहून आठवलेलंही नको. आमची बातमी पेरणीच्या आधी हवी. पेरणी चुकल्यावर तिचा उपयोग नाही.

तालुक्याच्या वार्ताहरांवर आमचा राग नाही. ते येतात, लिहितात, तुटपुंज्या मानधनावर पदरचं पेट्रोल जाळून फिरतात. त्यांची बातमी वर कोण अडवतं, ते संपादकांनी आपल्या कचेरीत शोधावं.

मुदत ७ जूनची, मृग निघेपर्यंतची. तोवर प्रत्येक वाहिनीने आपला माणूस इथे पुन्हा पाठवावा आणि ज्या गावात ओबी व्हॅन उभी केली होती त्याच गावातून सांगावं, की किती हेक्टरवर माती पडली, बुजलेल्या किती विहिरी उपसल्या, पंचनाम्यातली किती नावं यादीतून गळली. प्रशासनाने हेच आकडे गावनिहाय चावडीवर लावावेत. किटवर स्वतःचे फोटो छापून मदत वाटणाऱ्यांनी तेच फोटो घेऊन यावं आणि त्या याद्यांशेजारी उभं राहावं.

हे झालं नाही तर पुढच्या पुरात काय होईल ते आजच ऐकून ठेवा. एनडीआरएफची बोट, डॉक्टर, तलाठी, गुरांचा चारा, यांना कुणी अडवणार नाही. पण कॅमेऱ्याला वेशीच्या आत जागा नसेल. बोटीत नसेल, गच्चीवर नसेल, मेलेल्या जनावराशेजारी तर नाहीच. जो बूम पुढे करेल त्याला आमचा एकच प्रश्न असेल, मागच्या पुराची बातमी कधी दाखवलीत, तारीख सांगा. तारीख सांगता आली नाही तर बाईट मिळणार नाही.