जुन्या मुंबईची छायाचित्रे नीट वाचायला हवीत

'जुनी मुंबई' म्हणून दिनदर्शिकांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि मोबाइलवरच्या संदेशांत जी छायाचित्रे फिरतात, त्यांचा साचा ठरलेला असतो. रुंद मोकळा रस्ता, कडेला एखादी घोडागाडी आणि मागे व्हिक्टोरिया टर्मिनस, उच्च न्यायालय नाहीतर राजाबाई टॉवर. खाली हळहळ: किती सुंदर, किती स्वच्छ होते आपले शहर! ही छायाचित्रे मोलाची आहेत आणि जपलीच पाहिजेत. पण कोणती इमारत टिपायची आणि कोणती वगळायची, हे त्या काळी बहुतेक वेळा राज्यकर्ते आणि पैसे मोजणारे गिऱ्हाईक ठरवत होते. ती निवड तपासून घेतली नाही, तर परक्या सत्तेने आपल्या शहराची लावलेली प्रतवारीच आपण वारसा म्हणून मुकाट्याने स्वीकारतो. म्हणून असे छायाचित्र छापताना ते कोणी काढले, कोणासाठी, केव्हा आणि चौकटीबाहेर काय होते, हे जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगितलेच पाहिजे.

मुंबईत कॅमेरा लवकर रुजला. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने थॉमस बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तू टिपण्यासाठी सरकारी छायाचित्रकार नेमले. म्हणजे वास्तूंचे छायाचित्रण सुरुवातीपासूनच सरकारी दफ्तराशी जोडले गेले. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली आणि तिची छायाचित्रे बोर्न अँड शेफर्डसारख्या कंपन्या विकू लागल्या. गोरे अधिकारी आणि प्रवासी ती आल्बममध्ये लावून मायदेशी नेत. व्हिक्टोरिया टर्मिनसचे उदाहरण घ्या. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या चित्राखाली वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे नाव हमखास असते. त्यांना साहाय्य करणारे अभियंते सीताराम खंडेराव मात्र तिथे क्वचितच भेटतात, आणि दगडातली पाने, पक्षी, प्राणी घडवणारे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थीही.

यावर एक रास्त आक्षेप असा की, रस्ते रिकामे दिसतात यात सत्तेचा हात कसला? तो तंत्राचा दोष आहे. हे बऱ्याच अंशी खरे आहे. तेव्हाच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्यात समोरून गेलेला हमाल किंवा पाणक्या काचेवर उमटतच नसे, उमटला तर धुरकट पट्टा होऊन. पण मग 'तेव्हा गर्दीच नव्हती' असा निष्कर्ष या छायाचित्रांवरून काढणे चूक, हेही मान्य करावे लागते. शिवाय १८८० नंतर कोरड्या काचा आल्या, वेळ कमी लागू लागला आणि माणसे चौकटीत स्पष्ट येऊ लागली. ती कोणत्या रूपात आली, हे पाहिले की तंत्राची सबब पुरत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. १८९७ मध्ये साथ आवरण्याचा कारभार जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीकडे आला, आणि कॅप्टन मॉस व क्लिफ्टन अँड कंपनी यांनी काढलेल्या छायाचित्रांचे आल्बम तयार झाले. त्यांत गल्ल्यांतली घरे आहेत, पण बंबाने धुतली जाणारी. दारे आहेत, पण वर्तुळे रंगवलेली. प्रत्येक वर्तुळ म्हणजे त्या घरातला प्लेगचा एक मृत्यू. माणसे आहेत, पण झडतीची पथके किंवा खाटेवरचे रुग्ण. सरकारी मुंबई वास्तू म्हणून आणि देशी मुंबई रोग म्हणून टिपली गेली. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते निघाले. छायाचित्रांमुळे घरे पडली, असा दावा कोणी करू नये. रोगराई भीषणच होती. पण ज्या घरांना आधीच फक्त रोगाचे ठिकाण म्हणून दाखवले गेले, ती पडताना त्यांच्या ओटीची, जिन्याची, कोरीव खांबांची नोंद ठेवावी असे फार थोड्यांना वाटले. त्या पाडापाडीत ट्रस्टने बांधल्या त्याहून जास्त खोल्या पाडल्या, ही तक्रार तेव्हाही होत होती.

दुसरा आक्षेप असा की, कॅमेरा केवळ साहेबाच्या हातात नव्हता. डॉ. भाऊ दाजी लाड फोटोग्राफिक सोसायटीचे सदस्य होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत, हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओ होता आणि राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत शाखा काढली. हे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण धंद्यात चित्राचा विषय बहुतेकदा गिऱ्हाईकच ठरवते, आणि भुलेश्वरच्या गल्लीचे चित्र मागणारे गिऱ्हाईक फारसे नव्हते. तिसरा मुद्दा संवर्धन करणाऱ्यांचा: कमानीची नक्षी मूळची कशी होती, हे जुन्या छायाचित्रातूनच कळते. अगदी बरोबर. नक्षीच्या तपशिलाबाबत छायाचित्र उत्तम साक्षीदार आहे. शहरात आणखी काय होते, याबाबत ते साक्षीदार नाही.

हा वाद केवळ इतिहासापुरता नाही. १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली लागू झाली. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा ठरल्या. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण ज्यांचे चित्र शंभर वर्षे भिंतीवर होते, त्यांचे मोल पटवणे सोपे गेले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या २०७ इमारतींना असे चित्र लाभले नाही. १९२० च्या दशकात वसाहतकालीन सरकारनेच बांधलेल्या या चाळींपैकी बहुतेकांचा पुनर्विकास सुरू आहे. तिथल्या रहिवाशांना मोठे घर मिळालेच पाहिजे. पण इमारत पाडण्याआधी तिची सामाईक मार्गिका, खोली, जिना, गणपतीचा मंडप यांची रीतसर नोंद करणे त्याआड येत नाही.

त्यासाठी तीन गोष्टी सरकारला आणि महापालिकेला करता येतील. पुराभिलेखागार, महापालिका आणि संग्रहालये यांच्याकडची छायाचित्रे मराठीतल्या पूर्ण माहितीसह विनामूल्य खुली करावीत. लंडनमधल्या संस्थांकडे असलेल्या मुंबईच्या प्लेगकालीन छायाचित्रांच्या प्रती मागवून ती गॉथिक मुंबईच्या चित्रांशेजारी मांडावीत. आणि पुनर्विकासाच्या परवानगीला छायाचित्र-नोंदीची अट जोडावी, ज्यात रहिवाशांच्या स्वतःच्या आल्बमनाही जागा असेल. साम्राज्याने ज्याचा त्याला अभिमान वाटला ते टिपले. आपल्या शहरातले काय टिपायचे आणि काय पुढे द्यायचे, हे आता आपण ठरवायचे आहे, आणि उरलेल्या बीडीडी चाळी उभ्या आहेत तोवरच ते ठरवले पाहिजे.