घास घशाखाली का उतरत नाही?

मैत्रिणींनो, परवा आमचा धाकटा शाळेतून तासभर उशिरा आला. तेवढ्या वेळात मी गॅलरीत किती फेऱ्या मारल्या, देव जाणे! तोंडाला कोरड, तळहातांना घाम, छातीत धडधड. स्वारी मित्राकडे पतंग बघत बसली होती म्हणे. पोटाशी धरले, एक धपाटाही घातला. पण नंतर पानावर बसले तर घास गिळवेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आलं ना पोर घरी, आता जेव बघू!"

पोर आले, तरी शरीराला ते का कळू नये? मी पडले मराठी शिकवणारी. शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना विचारले, तेव्हा उलगडा झाला.

हृदयाचे ठोके, पचन, घाम ही आपल्याला न विचारता चालणारी कामे स्वायत्त चेतासंस्था बघते. तिच्या शाखा दोन, अनुकंपी आणि परानुकंपी. अनुकंपी नाव मायाळू, पण काम पदर खोचून धावण्याचे! मज्जारज्जूच्या छाती-कमरेच्या भागातून तिच्या नसा निघतात. ती ठोके वाढवते, पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळवते, पचन मागे टाकते. शिवाय मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात सोडवते. ते ओसरायला काही मिनिटे लागतात, आणि "काही झालं असतं तर?" हे मनात घोळत राहिले की पुन्हा भर पडते. माझे नेमके तेच झाले.

परानुकंपी निघते मेंदूच्या बुडापासून आणि मज्जारज्जूच्या शेवटाकडून. तिची मोठी नस व्हेगस, गळ्यातून थेट हृदय, जठर, आतड्यांपर्यंत जाते. ती ठोके सावकाश करते, पाचकरस वाढवते. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाची ही नस चेतवली आणि त्या हृदयाभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले! म्हणजे नस आपला निरोप रसायनातून देते. १९३६ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले.

एक चांगली, दुसरी वाईट असे मात्र समजू नका. दोघी सदैव कामावर असतात. कधी हिचा जोर, कधी तिचा. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो, म्हणून सावकाश, लांब उच्छ्वास टाकले की धडधड उतरायला मदत होते. पण छातीत दुखले, दम लागला, भोवळ आली, किंवा काही कारण नसता धडधड होऊ लागली, तर "मनाचेच खेळ" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा.

मी हल्ली ओट्याशी उभ्याने जेवत नाही. पान वाढून घेते, पाच मिनिटे नुसती बसते, मग पहिला घास. आमटी निवते, अशी सासूबाईंची तक्रार आहे.