चोर सोडून संन्याशाला

आधीच सांगून टाकतो, कायोटी धरणाऱ्या माणसांवर माझा राग नाही. उलट त्यांचा अभ्यास बघून थक्क व्हायला होतं. माझं भांडण आहे ते एका समजुतीशी... 'वास चांगला असेल आणि सापळा नीट लावला असेल, की मेंढीवाल्याचा प्रश्न मिटला!' अमेरिकेत राहायला आल्यापासून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

देशातल्या मंडळींसाठी थोडी ओळख. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ. लांडग्याहून लहान, कोल्ह्याहून मोठा आणि हुशारीत दोघांचाही बाप. उंदीर, ससे, फळं, मेलेलं जनावर, काहीही खातो. आणि हो, कोकरंही नेतो. ज्याची कोकरं जातात त्याचं नुकसान खरंच असतं, तिथे 'बिच्चारा प्राणी' म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

आता सापळ्याकडे वळू. जबडे मिटून पाय धरणारा लोखंडी सापळा मातीत पुरतात, पण खरी करामत त्याच्या आजूबाजूला असते. एका पद्धतीत तिरकं, मूठभर रुंदीचं बीळ खणतात, तळाशी आंबलेलं मांस टाकतात आणि तोंडाशी वासाचे चार थेंब. कायोटीला वाटावं, कुणीतरी आपला खाऊ पुरून ठेवलाय! याला म्हणतात डर्ट होल सेट. दुसरी पद्धत फ्लॅट सेट. इथे बीळ नाही, उकरणं नाही. एखादं जुनं हाड, वाळकी विष्ठा किंवा गवताचा झुपका आणि त्यावर वास. बिळांना सरावलेल्या संशयी जनावरासाठी ही युक्ती. तिसरी सगळ्यात सोपी, वाटेवरच्या खुंटावर कायोटीचं मूत्र शिंपडायचं. आपल्या गल्लीतलं कुत्रं विजेच्या खांबापाशी थांबतं ना, अगदी तसंच.

वासांचेही प्रकार आहेत. मूत्र आणि ग्रंथींचा अर्क म्हणजे 'इथे दुसरा कुणीतरी येऊन गेला' हा निरोप. जानेवारी-फेब्रुवारीत, जोड्या जमायच्या दिवसांत, तो जास्त चालतो. मांसाचा वास भुकेसाठी. बीव्हरच्या ग्रंथीतून निघणारं कॅस्टोरियम निव्वळ कुतूहलासाठी. स्कंकचा उग्र दर्प लांबून हाक मारण्यासाठी. शिवाय माणसाचा वास लागू नये म्हणून रबरी हातमोजे, सापळे उकळून रंगवून मेणात बुडवलेले, आणि वारा वासाकडून वाटेकडे वाहील अशी जागा. नाकाने वाचायची एक अख्खी भाषा हे लोक शिकले आहेत. मी टोपी काढतो.

पण (हा 'पण' मोठा आहे) ही भाषा नेमकं कुणाला हाक मारते?

कायोटीचं नराचं नि मादीचं जोडपं आपला इलाका धरून राहतं. त्या इलाक्यातली प्रत्येक वाट, प्रत्येक झुडूप त्यांना पाठ असतं. घराच्या अंगणात नवीन वस्तू दिसली की आपण आधी दुरूनच बघतो, तसंच ते करतात. परक्या मुलखात मात्र कायोटी नव्या गोष्टीला जास्त भुलतो. टेक्सासमधल्या अभ्यासांत हे दिसलंय, जनावर आपल्या रोजच्या इलाक्यात कमी सापडतं आणि त्याच्या कडेला किंवा बाहेर जास्त. म्हणजे बाटलीतल्या वासाला भुलतं कोण? तर घर सोडून शरदात भटकायला निघालेलं पोरगेलं, अननुभवी जनावर.

आणि कोकरं मारतं कोण? कॅलिफोर्नियात हॉपलंडला विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, मेंढ्यांसकट. तिथे 1990 च्या दशकात कायोटींना रेडिओ कॉलर लावून पाहिलं गेलं. बहुतेक कोकरं मारत होती ती त्या त्या इलाक्यातली विणारी जोडपी. भटकी पोरं नव्हेत. आणि सरसकट मोहिमेत सापडत होती ती मात्र मुख्यतः तरुण जनावरं! विणाऱ्या जोडप्यातलं जनावर काढलं तर त्या भागातले हल्ले काही काळ थांबत. इतरांना मारून असा फरक पडत नव्हता. आपल्याकडे याला एक म्हण आहे, ती मथळ्यात अर्धी दिलीच आहे. पुरी करा.

आता हिशेब बघा. अमेरिकन सरकारचं वाइल्डलाइफ सर्व्हिसेस नावाचं खातं आहे. 2010 ते 2019 या काळात या खात्याने सापळे, फास, हेलिकॉप्टर असं सगळं मिळून दर वर्षी साठ हजारांहून जास्त कायोटी मारले. दर वर्षी! आणि कायोटी कुठे आहे? दोनशे वर्षांपूर्वी पश्चिमेच्या माळरानांवर असणारा हा प्राणी आज हवाई सोडून सगळ्या राज्यांत आहे. शिकागोसारख्या शहरातसुद्धा. 1975 साली एका संगणकी अभ्यासात निघालं होतं की दर वर्षी पाऊण कायोटी मारले तरी त्यांचा निःपात व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. ज्या उपायाचं यश फक्त मेलेल्यांच्या आकड्यात मोजलं जातं, त्याला उपाय म्हणायचं कशाला?

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, 'चांगला सापळेवाला नेमकं जनावर धरतो.' कबूल! पॅनचा ताण वाढवला की हलकी जनावरंही वाचतात, हेही कबूल. पण मग नेमकेपणाच हवा ना? जिथे कोकरू गेलं तिथे, तेव्हा, तेवढ्यापुरता सापळा लावा आणि रोज जाऊन बघा. मैलोन् मैल हंगामभर वास शिंपडत सुटणं यात कसला आलाय नेमकेपणा? त्या वासाला बिज्जूही येतो, कोल्हाही येतो, शेजाऱ्याचं कुत्रंही येतं. नाक सगळ्यांना आहे.

'मग मेंढीवाल्याने काय करायचं?' रास्त प्रश्न. कॅलिफोर्नियाच्याच मॅरिन काउंटीने 2000 च्या सुमारास सरकारी सापळेवाल्यांऐवजी राखणीची कुत्री, कुंपण आणि रात्रीचे गोठे यांना पैसे द्यायला सुरुवात केली. ग्रेट पिरेनीजसारखं दांडगं कुत्रं कळपात राहतं आणि मुख्य म्हणजे त्या इलाक्यातल्या जोडप्याला 'इथे नको' हे शिकवतं. शिकलेलं जोडपं जागेवर राहिलं तर नवख्यांनाही ते आत येऊ देत नाही. फुकटचा चौकीदार! त्याला मारून आपण जागा रिकामी करतो, नव्या उमेदवारासाठी.

हे फक्त अमेरिकेचं दुखणं आहे असं समजून गालातल्या गालात हसू नका. आपल्या जुन्नरला 2001 नंतर पिंजरे लावून बिबटे उचलले नि दुसरीकडे सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये जे मांडलं ते वाचा. त्या उचलाउचलीनंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. पिंजऱ्यातल्या शेळीला तरी कुठे ठाऊक असतं की आत आलेला बिबट्या तोच आहे? पण पिंजरा भरला की गाव शांत होतं, फोटो छापून येतो, साहेब सुटतात.

माझा आक्षेप एवढाच आहे, मंडळी. भरलेला सापळा हा पुरावा नव्हे. त्यातून फक्त कळतं की कुणीतरी वासाला भुललं. कोकरं कुणी खाल्ली हे त्यातून कळत नाही, आणि पुढच्या वसंतात मेंढीवाला पुन्हा कोकरं मोजतो तेव्हा आकडा तोच निघतो. ज्यांना जनावराची भाषा एवढी उत्तम येते, त्यांनी ती आधी ऐकायला वापरावी. कुठली जोडी कुठे राहते, कुठून येते, कळपापाशी कधी पोचते... हे शोधायला तेच सगळ्यात लायक आहेत. हाका मारायचं नंतर बघू.