तीन पौंडांची श्रीमंती

सरकारी मदत केवळ गरजूंनाच मिळावी, हे तत्त्व इतके निर्विवाद वाटते की त्याविषयी शंका घेणाऱ्याचाच हेतू संशयास्पद ठरतो. परंतु तत्त्व बरोबर असणे आणि ते राबविण्याची रीत बरोबर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारला २०२४-२५ च्या हिवाळ्यात हा भेद बरीच राजकीय किंमत मोजून शिकावा लागला.

ब्रिटनच्या हिवाळ्यात घर उबदार ठेवणे ही चैन नसून जीविताची गरज असते. थंड घरात राहणाऱ्या वृद्धांना हृदयाचे व श्वसनाचे विकार अधिक जडतात. त्यातच तेथील पुष्कळशी घरे जुनी असून त्यांच्या भिंतींतून व छपरांतून ऊब निसटते. म्हणून १९९७ साली तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी वृद्धांसाठी हिवाळी इंधन भत्ता सुरू केला. आरंभी २० पौंडांचा असलेला हा भत्ता पुढे वाढत जाऊन कुटुंबाला २०० पौंड, आणि घरात ऐंशी वर्षांवरील व्यक्ती असल्यास ३०० पौंड इतका झाला. बहुतेकांना त्यासाठी ना अर्ज करावा लागे, ना उत्पन्नाचा दाखला द्यावा लागे. ठराविक वय झाले की हिवाळ्याच्या तोंडाशी रक्कम खात्यात जमा होई.

या सरसकटपणावर आक्षेप येणे स्वाभाविक होते. लक्षाधीशालाही जळणासाठी सरकारने पैसे का द्यावेत? शिवाय २०११ पासून सरकारी निवृत्तिवेतन भाववाढ, वेतनवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल त्या प्रमाणात वाढत आले आहे. उलट घरभाड्याखाली दबलेल्या तरुण कुटुंबांना अशी हमी नाही. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी त्याचाच आधार घेतला. इंग्लंड व वेल्समध्ये हा भत्ता यापुढे ‘पेन्शन क्रेडिट’ हे अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी असलेले पूरक साहाय्य अथवा तत्सम मदत घेणाऱ्यांनाच मिळेल, असे त्यांनी जाहीर केले. हा निर्णय रद्द करण्याचा प्रस्ताव १० सप्टेंबर रोजी कॉमन्स सभागृहाने २२८ विरुद्ध ३४८ मतांनी फेटाळला. एक कोटीहून अधिक असलेली लाभार्थींची संख्या सुमारे १५ लाखांवर आली.

येथून पुढचा हिशेब मुळातूनच पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी एकट्या वृद्धासाठी पेन्शन क्रेडिटची मर्यादा आठवड्याला २१८.१५ पौंड होती. आणि नव्या पद्धतीचे पूर्ण सरकारी निवृत्तिवेतन होते २२१.२० पौंड. म्हणजे या निवृत्तिवेतनाखेरीज एका पैचीही मिळकत नसलेला माणूस आठवड्याला तीन पौंडांनी ‘श्रीमंत’ ठरून, काही अपवाद सोडल्यास, मदतीबाहेर गेला. या तीन पौंडांचे वर्षाकाठी सुमारे १५९ पौंड होतात. त्यापायी त्याने गमावले २०० पौंड. त्याच ऑक्टोबरात वीज व गॅसच्या दरांची कमाल मर्यादा दहा टक्क्यांनी वाढली होती, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल.

जे मर्यादेच्या आत होते, त्यांची अवस्था तरी काय होती? पेन्शन क्रेडिटला पात्र असलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक ते मागतच नाहीत, असे सरकारी अंदाजच सांगतात. कोणाला योजना ठाऊक नसते, कोणी दोनशेहून अधिक प्रश्नांच्या अर्जापुढे हात टेकतो, कोणाला आयुष्यभर कष्ट करून शेवटी सरकारपुढे हात पसरणे लाजिरवाणे वाटते. नव्या नियमाने पूरक साहाय्याला आधीच मुकलेल्या या माणसांचा इंधन भत्ताही गेला. सरकारने अर्ज करण्याचे आवाहन केले खरे. परंतु सर्वच पात्र वृद्धांनी ते मनावर घेतले असते, तर अपेक्षित बचत पुष्कळशी आटली असती. गरिबांच्या अज्ञानावर जिचे यश अवलंबून आहे, अशा काटकसरीला वित्तीय शिस्त म्हणणे कठीण आहे.

हातात दिलेली रोकड इंधनावरच खर्च होईल कशावरून, अशीही शंका घेतली जाते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिचे उत्तर सापडते. बिननावाच्या रोकडीतून जेमतेम तीन टक्के रक्कम इंधनाकडे वळली असती. पण ‘हिवाळी इंधन’ या नावाने दिलेल्या रकमेपैकी जवळपास निम्मी त्यासाठीच खर्च झाली. खर्चावर सक्ती नसतानाही केवळ नावामुळे हा फरक पडला.

जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. आता भत्ता सर्व वृद्धांना द्यावयाचा आणि ज्यांचे वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांहून अधिक आहे, त्यांच्याकडून तो कराच्या वाटेने परत घ्यावयाचा, असे ठरले. या रेषेवरही एक पौंड अधिक मिळविणाऱ्याला संपूर्ण रक्कम गमवावी लागते. परंतु त्यामुळे कोणाच्या घरातील शेगडी विझण्याची भीती नाही. मुख्य म्हणजे, गरिबी सिद्ध करण्याचे ओझे गरिबावरून उतरले आणि श्रीमंती ओळखण्याचे काम कर खात्याकडे गेले. त्या खात्याजवळ उत्पन्नाच्या नोंदी असतातच.

भारतीय वाचकाला हा अनुभव अपरिचित नाही. ब्रिटनमध्ये हा भत्ता सुरू झाला त्याच वर्षी, जून १९९७ मध्ये, भारतातील रेशन व्यवस्था सर्वांसाठी न राहता दारिद्र्यरेषेनुसार विभागली गेली. त्यानंतर योग्य कार्डाअभावी किती गरीब कुटुंबे स्वस्त धान्याला मुकली, हे पुढील अनेक पाहण्यांनी दाखवून दिले. अखेर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ टक्के व शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला सामावून घेऊन हे वर्तुळ पुन्हा मोठे केले.

भत्त्याने बिल भागते, भिंतीची फट बुजत नाही. घरे ऊब धरून ठेवतील अशी दुरुस्ती हाच त्यावरील टिकाऊ उपाय होय. तोवर मदत वाटावी लागेल आणि ती वाटताना चुकाही होतील. अपात्राला चुकून दिलेले पैसे करातून वसूल करता येतात. पात्र माणसाने गारठ्यात काढलेला हिवाळा मात्र कोणत्याही पुरवणी अर्थसंकल्पाने भरून निघत नाही.